सोयाबीन आणि सुरू उसाच्या मधली वैरण: चारा मका कधी पेरायचा, कधी कापायचा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयाबीन निघतं, सुरू उसाची लावण जानेवारीत. मधले तीन-साडेतीन महिने रान मोकळं आणि पाणीही असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ भागात बरेच जण या रानात मका टाकतात आणि दरवर्षी त्याच दोन चुका करतात. एक तर अर्धा एकर एकाच दिवशी पेरून मोकळे होतात, मग आधी वैरण कोवळी आणि शेवटी म्हशीपुढं नुसती दांडकी. नाहीतर पेरणी लांबते, उभी वैरण मोडवत नाही आणि उसाची लावण मार्चवर जाते.

खालचा हिशोब चार दुभत्या म्हशी, अर्धा एकर (वीस गुंठे) बागायत मध्यम ते भारी रान आणि जानेवारी अखेरची लावण धरून केला आहे. तुमची जनावरं आणि तारीख वेगळी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला, क्रम बदलू नका.

## टप्पा १: उसाच्या तारखेपासून मागं मोजा

सुरू लावणीचा हंगाम १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. समजा लावण ३० जानेवारीला करायची आहे. नांगरट, कुळवणी आणि सरी सोडायला पंधरा दिवस लागतात, म्हणजे रान १५ जानेवारीला रिकामं हवं. चारा मक्याला निम्मा फुलोरा यायला ६५ ते ७५ दिवस लागतात. थंडीत वाढ मंदावते म्हणून ७० धरा, वर कापून संपवायला १० दिवस. १५ जानेवारीतून ८० दिवस वजा केले की २७ ऑक्टोबर येतो. ही शेवटची पेरणी. या तारखेनंतर मका पेरायचा असेल तर उसाची तारीख आधी पुढं ढकला, नाहीतर मका सोडा.

भात उशिरा निघणाऱ्या राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या रानात हे गणित बसत नाही. तिथं ओट घ्या. नोव्हेंबर अखेरपर्यंत पेरता येतो, बियाणं गुंठ्याला एक किलो, ओळी ३० सेंमीवर. पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी जमिनीपासून ८-१० सेंमी ठेवून करा. रान रिकामं ठेवता येणार असेल तर पुढं ३५-४० दिवसांनी दुसरी मिळते, ऊस लावायचा असेल तर एकाच कापणीवर समाधान माना. एक सोय अशी की ओटाला लष्करी अळीचा त्रास मक्याइतका होत नाही.

ज्वारी मक्याच्या जागी टाकू नका. कोवळ्या ज्वारीत, आणि त्याहून जास्त पाण्याअभावी सुकलेल्या किंवा कापल्यावर फुटलेल्या ज्वारीत, सायनाइड तयार करणारा घटक असतो. मक्यात हा धोका नाही. मक्याचा धोका वेगळा आहे, तो टप्पा ६ मध्ये.

## टप्पा २: किती रान, किती हप्त्यांत

एका म्हशीला दिवसाला २५ किलो हिरवी वैरण धरा, म्हणजे चार म्हशींना १०० किलो. मक्याचं हेक्टरी ५०० ते ६०० क्विंटल उत्पादन पुस्तकात असतं. तुम्ही गुंठ्याला ४०० किलोच धरा, बांधाकडचा आणि सावलीतला मका तेवढा येत नाही. म्हणजे एक गुंठा चार दिवस पुरतो.

मका खाऊ घालण्यालायक राहतो तो साधारण १२ ते १५ दिवस, तुरा बाहेर पडल्यापासून दाण्यात दूध भरेपर्यंत. म्हणून एका हप्त्यात १२ दिवसांचीच वैरण पेरायची: तीन गुंठे. असे तीन हप्ते, अकरा दिवसांच्या अंतरानं:

- ५ ऑक्टोबर: तीन गुंठे, कापणी ९ डिसेंबरच्या आसपास सुरू
- १६ ऑक्टोबर: तीन गुंठे, कापणी २२ डिसेंबरच्या सुमारास
- २७ ऑक्टोबर: तीन गुंठे, कापणी ५ जानेवारीपासून, १५ तारखेला संपलीच पाहिजे

उरलेले दहा-अकरा गुंठे मुरघासासाठी, म्हणजे कुट्टी हवाबंद करून आंबवून टिकवलेल्या वैरणीसाठी. ते पहिल्याच दिवशी, ५ ऑक्टोबरला पेरा. मुरघासाला मका ८५ ते ९० दिवसांचा लागतो, तो २९ डिसेंबर ते ३ जानेवारीच्या दरम्यान तयार होतो. मुरघासाचा तुकडा शेवटी पेरला तर तो लावणीच्या आड येतो. ही चूक फार होते, कारण लोकांना वाटतं हिरव्या वैरणीची घाई जास्त.

"डिसेंबरपासून ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की वाडे (उसाचे हिरवे शेंडे) मिळतातच, मग मका कशाला?" हा प्रश्न येतो. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसत्या वाड्यावर ठेवलेली म्हैस दुधात उतरते. वाडे पूर्ण बंद करायची गरज नाही, दिवसाला १० किलोच्या आत आणा, जागा मक्यानं भरा आणि खनिज मिश्रण ५० ग्रॅम चालू ठेवा. खरी चणचण एप्रिल ते जूनमध्ये असते आणि त्यासाठी मुरघासाचा तुकडा आहे.

## टप्पा ३: सोयाबीन उभं असतानाच करायची तयारी

यातली बहुतेक कामं सप्टेंबरमध्ये होतात. ऑक्टोबरमध्ये आठवण झाली तर पहिला हप्ता हुकला समजा.

तणनाशकाची तपासणी. सोयाबीनला वापरलेल्या काही तणनाशकांचा अंश मातीत राहतो आणि पुढच्या पिकाला बाधतो. डबा किंवा पाकीट जपून ठेवलं असेल तर मागं लिहिलेली पुढच्या पिकाची सूचना वाचा. नसेल तर सोयाबीनच्या ओळींमधून पाच-सहा ठिकाणची वरची १० सेंमी माती घ्या, एकत्र करून दोन कुंड्या भरा. तिसरी कुंडी बांधावरच्या, न फवारलेल्या मातीची. प्रत्येकीत मक्याचे दहा दाणे, चवळीचे दहा. बारा दिवसांनी तुलना करा. रानातल्या मातीतली रोपं खुजी, पिवळी किंवा मुळं आखूड-जाड असतील तर त्या रानात चारा घेऊ नका.

बियाणं. आफ्रिकन टॉल हा संमिश्र वाण उंच, पानांनी भरलेला आणि चाऱ्यासाठीच आहे. बाजारातला खायचा मका किंवा मागच्या वर्षीच्या संकरित कणसाचे दाणे आणून पेरू नका. झाडं लहान-मोठी येतात, तुरे एकाच वेळी बाहेर पडत नाहीत, मग कापणीची वेळ कुणावर ठरवायची?

प्रमाण दहा गुंठ्याला साडेसात किलो. वीस गुंठ्याला पंधरा.

उगवण. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, सहाव्या दिवशी मोजा. नव्वदच्या आसपास उगवले तर वरचं प्रमाण ठीक. सत्तरच उगवले तर दहा गुंठ्याला साडेनऊ किलो लागेल. त्याहून कमी असेल तर बियाणं बदला.

चवळी. मक्याच्या दोन ओळींनंतर वैरणीच्या चवळीची एक ओळ घेतली तर प्रथिनं वाढतात. दहा गुंठ्याला मका पाच किलो, चवळी दीड किलो. फक्त ५ ऑक्टोबरच्या हप्त्यात, तेही हिरव्या वैरणीच्या तुकड्यात. १६ तारखेनंतर थंडी लागून चवळी बसून राहते.

> सावधान: रंग लावलेलं, औषध चोळलेलं बियाणं उरलं तर ते जनावराला, कोंबड्यांना घालू नका आणि दळणातही जाऊ देऊ नका. पोतं गोठ्यापासून लांब ठेवा.

## टप्पा ४: मशागत आणि पेरणी

सोयाबीनचा ढीग आणि भुसकट रानातून त्याच दिवशी हलवा. मळणीची वाट बघत ढीग आठवडाभर पडून राहतो, पहिली पेरणी तेवढी मागं जाते.

नांगरट करायची नाही. सोयाबीननं जमीन भुसभुशीत ठेवलेली असते, कुळवाच्या दोन पाळ्या किंवा रोटरचा एक फेरा पुरे. खोल नांगरट उसासाठी राखून ठेवा, आत्ता केलीत तर ढेकळं फुटायला आठ दिवस, वर डिझेल दुप्पट. गळलेलं सोयाबीन उगवून आलं तर येऊ द्या, मक्यासोबत कापलं जाईल.

वाफसा बघा. हातात माती घेऊन मूठ आवळा, सोडल्यावर गोळा राहिला आणि बोटानं ढकलताच फुटला तर कुरी (पेरणीचं अवजार) चालवा. चिकटला तर थांबा. रान कोरडं असेल तर आधी ओलवून वाफशावर पेरणं चांगलं. कोरड्यात पेरून वरून पाणी सोडलं की भारी रानात पापडी धरते आणि कोंब तिच्याखाली वाकडे होऊन मरतात.

कुरीनं ३० सेंमीवर ओळी, दाणा ४ ते ५ सेंमी खोल. फोकून पेरू नका: वर राहिलेले दाणे पाखरं उचलतात, कोळपं चालत नाही आणि दाटीतला मका बारीक होऊन लोळतो. सारे (लांब वाफे) उताराला आडवे दोन-तीन मीटर रुंद काढा आणि प्रत्येक साऱ्याच्या शेवटाला पाणी निघायला तोंड ठेवा. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस कधीही येतो आणि पहिले तीस दिवस मक्याला साचलेलं पाणी चालत नाही. दोन दिवस पाणी उभं राहिलं की पानं पिवळी पडतात. तिथं युरिया टाकून उपयोग नाही, आधी चर काढा.

खत. शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश. दहा गुंठ्याला याचा हिशोब असा:

- पेरताना: १०:२६:२६ मिश्र खत वीस किलो आणि युरिया साडेसहा किलो
- तिसाव्या दिवशी, कोळपणीनंतर पाण्याआधी: युरिया अकरा किलो

शेणखत भरपूर पडलेलं रान असेल तर तिसाव्या दिवसाचा युरिया आठ किलोवर आणा. पोतं रिकामं करायचं म्हणून जास्त टाकलेला युरिया दांड्यात नायट्रेट होऊन साठतो आणि तोच पुढं म्हशीच्या पोटात जातो.

> तपासा: सातव्या दिवशी एक मीटर ओळीत रोपं मोजा. १० ते १२ असतील तर ठीक. सहाच्या खाली असतील तर लगेच नांगे भरा, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा दाणे टोका. पंधरा दिवसांनी भरलेले नांगे सावलीत दबून राहतात.

## टप्पा ५: पाणी, तण आणि लष्करी अळी

वाफशावर पेरलं असेल तर उगवणीआधी पाणी देऊ नका. कोरड्यात पेरून पाणी सोडलंच असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी हलकी आंबवणी (दुसरं पाणी) द्या. पुढं भारी रानात १०-१२ दिवसांनी, हलक्या रानात ७-८ दिवसांनी. तुरा पडताना ताण बसू देऊ नका. हप्ता कापायला घेण्याआधी पाच-सहा दिवस पाणी बंद ठेवा, म्हणजे बैलगाडी किंवा ट्रॉली रानात रुतत नाही.

अठराव्या ते विसाव्या दिवशी एक कोळपणी पुरते, नंतर मकाच तणाला दाबतो. चवळी मिसळली असेल तर ॲट्राझीन हे तणनाशक फवारायचंच नाही, ते मक्याला चालतं पण चवळी उगवून करपते. बांधाकडेचं गाजरगवत आणि धोतरा हातानं उपटून बाहेर टाका. विळ्याच्या सपाट्यात गाजरगवत पेंढीत गेलं की दूध कडू लागतं आणि दूध संस्थेत नाव खराब होतं. धोतरा तर सरळ विषारी.

अळी हा या पिकातला सगळ्यात मोठा प्रश्न. दहाव्या-बाराव्या दिवसापासून दर तीन दिवसांनी सकाळी रानात फिरा. दहा ठिकाणी दहा-दहा झाडं बघा. सुरुवातीला पानावर पांढुरके, पारदर्शक चट्टे दिसतात. नंतर पानाला ओळीत भोकं पडतात आणि पोंग्यात (शेंड्याच्या पानांच्या सुरळीत) लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा. अळी धरून बघा: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके असले की लष्करीच.

शंभरात पाच झाडांवर चट्टे दिसले की पाच टक्के निंबोळी अर्क, फवाऱ्याचं तोंड पोंग्यात धरून, संध्याकाळी. नुसती पानं ओली करून काही होत नाही, अळी आत असते. पानाखालचे अंडीपुंज दिसले की चुरडून टाका. लहान तुकड्यात पोंग्यात चिमूटभर बारीक माती किंवा राख टाकण्याचाही उपयोग होतो, मजुरी मात्र जाते. पाखरांना बसायला गुंठ्याला एक-दोन काठ्या रोवा.

रासायनिक औषध हा शेवटचा उपाय. हा मका कणसासाठी नाही, अख्खा पाला म्हशीच्या पोटात आणि तिथून दुधात जाणार. मारावंच लागलं तर पिकाला तीस दिवस व्हायच्या आत, एकदाच, मक्यासाठी शिफारस असलेलंच औषध घ्या, आणि लेबलावरचा प्रतीक्षा काळ (फवारणी आणि कापणीत सोडायचे दिवस) संपल्याशिवाय एक पेंढीही कापू नका. चाळीस दिवसांच्या पुढं अळीनं पानं फाडलेली दिसली तरी फवारणी टाळा. फाटकं पान म्हैस खाते.

डोंगरकडेच्या गावांना गव्यांचा त्रास आहेच. तिथं मक्याचा तुकडा गावाकडच्या बाजूला धरा, जंगलाच्या कडेला नको.

## टप्पा ६: कापणी

निम्म्या झाडांना तुरे आले आणि कणसाला रेशमी केस फुटले की कापायला सुरुवात. त्याआधी कापलं तर वजन कमी आणि पाणी जास्त, म्हशीचं शेण पातळ होतं. दाणा टणक झाल्यावर कापलं तर खालची दांडी दावणीत उरते.

दांडीच्या तळातून दुसऱ्या पेराला नख लावून बघा. नख रुतलं तर दांडी अजून खाण्यालायक आहे. नख नुसतं घसरलं तर तो तुकडा हिरव्या वैरणीला उशिराचा झाला, मुरघासात घाला.

दव उतरल्यावर, शक्यतो दुपारनंतर कापा. दिवसभराच्या उन्हात झाड नायट्रेट वापरून टाकतं. लागेल तेवढंच रोज कापा. दोन दिवसांचं एकदम कापून गोठ्यात ढीग मारला की आत गरम होतं, आणि नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते जास्त घातक.

> सावधान, नायट्रेट: पाण्याचा ताण बसून नंतर पाऊस झाला किंवा पाणी दिलं, सलग ढगाळ हवा आहे, किंवा युरिया जास्त पडला आहे, अशा वेळी पाच-सात दिवस कापणी थांबवा. थांबणं शक्यच नसेल तर दांडी २० ते २५ सेंमी वर कापा, नायट्रेट सगळ्यात जास्त तळात असतं. उपाशी जनावराला असला मका कधीच घालू नका.
>
> बाधा झाली तर म्हैस धापा टाकते, लटपटते, हिरड्या निळसर-तपकिरी दिसतात, रक्त चॉकलेटी. ज्वारीच्या विषबाधेत उलट रक्त लालभडक असतं. डॉक्टरांना फोन करताना काय खाल्लं आणि रक्त-हिरड्यांचा रंग काय, हे आधी सांगा, दोन्हींवरची औषधं वेगळी आहेत. वैरण लगेच काढून घ्या आणि जनावर पळवू नका.

## टप्पा ७: दावणीत घालताना

वाड्यावरून मक्यावर एका दिवसात जाऊ नका. पहिले दोन दिवस म्हशीला पाच किलो, मग दर दोन दिवसांनी पाच-पाच किलो वाढवत आठव्या-नवव्या दिवशी २५ वर या. आधी पिंजर (भाताचा पेंढा) किंवा कडबा द्या, मग हिरवा मका. पाच-सहा किलो सुकी वैरण हिरव्यासोबत रोज हवीच. नुसत्या हिरव्यावर दूध वाढल्यासारखं वाटतं, फॅट मात्र खाली येतं.

कुट्टी दोन ते तीन सेंमीची करा. अख्खी पेंढी टाकली तर म्हैस पानं ओढते आणि दांड्या पायाखाली जातात. कुट्टी यंत्राची पाती बोथट असतील तर दांडी कापली न जाता चिरडते, कुट्टी लांब आणि तंतुमय पडते. असं दिसलं की हप्ता सुरू व्हायच्या आधीच पाती धार लावून घ्या.

जनावरं उभ्या मक्यात सोडू नका, खातात त्याहून जास्त तुडवतात. कापलेल्या रानात मेंढरं बसवायची असतील तर हरकत नाही, खत मिळतं. त्याआधी पडलेली कणसं वेचून घ्या. पोटभर दाणे खाल्लेलं मेंढरू पोट फुगून मरतं. फवारणी झालेल्या तुकड्यात प्रतीक्षा काळ मेंढरांनाही लागू आहे.

## टप्पा ८: मुरघास, आणि रान रिकामं करणं

८५ व्या दिवसापासून कणीस मोडून दाणे बघा. दाण्यातली दुधाची रेघ (वरचा टणक आणि खालचा दुधाळ भाग यांमधली) वरून निम्म्यावर उतरली की वेळ झाली. कुट्टी दीड-दोन सेंमीची करा आणि मूठभर घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबा. बोटांतून रस आला तर दोन-तीन दिवस थांबा. मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला तर भरा. लगेच विस्कटला तर मका वाळत चालला आहे, त्याच दिवशी भरून दाबणी जास्त द्या.

पिशवीत १०-१५ सेंमीचा थर टाकायचा आणि कडा धरून पायानं तुडवायचा. मधला भाग सगळे तुडवतात, कडेला हवा राहते आणि बुरशी तिथूनच धरते. एक पिशवी एकाच दिवशी भरून, हवा काढून तोंड बांधा. पिशव्या भिंतीपासून थोड्या लांब, उंदीर लागणार नाहीत अशा ठेवा, भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी. ४५ दिवसांच्या आधी उघडू नका. चांगला मुरघास पिवळसर-हिरवा, आंबूस गोड वासाचा असतो. काळा, चिकट किंवा बुरशीचा भाग फेकून द्या, गाभण म्हशीपुढं तर अजिबात नको. दहा गुंठ्यांतून साधारण चार टन भरतं, पंधरा किलोप्रमाणे चार म्हशींना दोन महिने. नासाडी धरून हिशोब तेवढाच ठेवा.

१५ जानेवारीला तिसऱ्या हप्त्यातला मका उभा असेल, तर तो त्या दिवशी सगळा कापा. थोडा असेल तर शेजाऱ्याला द्या, जास्त असेल तर कुट्टी करून दिवसभर उन्हात सुकवून पिशवीत भरा. धसकटं रोटरनं बारीक करा आणि पाणी देऊन कुजायला आठवडा द्या. कच्ची धसकटं तशीच सरीत गाडली तर ती कुजताना जमिनीतलं नत्र ओढतात आणि उसाचे पहिले फुटवे पिवळे दिसतात. रोटर फिरवण्याआधी अर्ध्या एकरावर दहा किलो युरिया टाकला तर कुजण्याला वेग येतो.